वाचकांचे प्रश्न : क्लासच्या पोटातला क्लास

मागच्या अंकात या सदरात क्लास (म्हणजे साचा) आणि ऑब्जेक्ट (म्हणजे त्या साच्यातून तयार केलेली वस्तू) यांच्याविषयी लिहिले होते. क्लासमध्ये माहिती ठेवण्याच्या जागा म्हणजे फील्ड आणि कामे करणारे भाग म्हणजे मेथड. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक शंका वारंवार दिसते : एका क्लासच्या आत दुसरा क्लास लिहावा का, आणि लिहिल्यास तो ‘स्टॅटिक’ असावा की नसावा. अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची सहा पत्रे येथे घेतली आहेत. उदाहरणे बहुतेक जावा भाषेतील आहेत. भाषेचे मूळ शब्द या पानावर उच्चारानुसार देवनागरीत छापले आहेत. यंत्रावर ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत.

प्रश्न : मी रत्नागिरीत संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या हापूसच्या बागेचा हिशेब ठेवण्यासाठी ‘बागायत’ नावाचा क्लास लिहिला आणि त्याच्या आत ‘पेटी’ नावाचा क्लास ठेवला. प्रोग्रॅम जेथून सुरू होतो त्या मेन मेथडमध्ये ‘न्यू पेटी(५)’ असे लिहिताच ‘नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल धिस कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट’ अशी चूक येते. त्या ओळीत मी ‘धिस’ हा शब्द लिहिलेलाच नाही. सरांनी ‘पेटी’च्या आधी ‘स्टॅटिक’ लावायला सांगितले. ती चूक गेली, परंतु पेटीची रक्कम काढणाऱ्या ओळीत ‘दर’ या नावावर तशीच दुसरी चूक आली. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : कंपायलरचे (प्रोग्रॅम तपासून त्याचे भाषांतर करणाऱ्या साधनाचे) वाक्य खरे आहे, फक्त ते तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीविषयी बोलते, म्हणून कोड्यात टाकते. ‘पेटी’ हा क्लास ‘बागायत’च्या आत ‘स्टॅटिक’ न लावता लिहिला की त्याचा अर्थ असा होतो की प्रत्येक पेटी कोणत्या ना कोणत्या एका बागेची असलीच पाहिजे. बेवारस पेटी जावाला चालत नाही. त्यामुळे ‘न्यू पेटी(५)’ ही ओळ कंपायलर ‘धिस.न्यू पेटी(५)’ अशी वाचतो, म्हणजे ज्या बागेच्या मेथडमध्ये आपण आत्ता उभे आहोत त्याच बागेची ही पेटी, असे तो धरून चालतो. बागायतच्या एखाद्या साध्या मेथडमध्ये हे बिनबोभाट चालले असते. मेन मेथड मात्र स्टॅटिक असते. ती सुरू होते तेव्हा बागायतचा एकही ऑब्जेक्ट अस्तित्वात नसतो, आणि म्हणून ‘धिस’ म्हणून बोट दाखवायला तेथे काहीच नसते.

यातून बाहेर पडण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला असा की आधी बागेचा ऑब्जेक्ट तयार करावा आणि मग ‘काकांचीबाग.न्यू पेटी(५)’ असे लिहावे. ही रचना पाहायला विचित्र वाटते, पण आतले क्लास जावात आले तेव्हापासून ती व्याकरणात आहे. दुसरा मार्ग म्हणजे बागायतमध्येच ‘पेटीभर’ नावाची एक मेथड लिहावी, तिने आतल्या आत ‘न्यू पेटी’ करून ती पेटी परत द्यावी आणि बाहेरच्याने फक्त ‘काकांचीबाग.पेटीभर(५)’ एवढेच म्हणावे. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा मार्ग पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे. तिसरा मार्ग तुमच्या सरांचा, म्हणजे ‘स्टॅटिक’ लावण्याचा. तो घेतला की पेटीचा कोणत्याही एका बागेशी असलेला धागा तुटतो, आणि मग पेटीच्या मेथडमध्ये नुसते ‘दर’ असे लिहिल्यावर कंपायलर विचारतो, कोणत्या बागेचा दर? तुम्हाला आलेली दुसरी चूक हीच होती.

आता या तिघांतला बरोबर कोणता, हे व्याकरणावरून ठरत नाही; ते काकांच्या वहीवरून ठरते. समजा, मोसमाच्या तोंडाला दर डझनाला १२०० रुपये होता आणि त्या दराने ५ डझनांची पेटी ६००० रुपयांना गेली. मे महिन्यात आवक वाढली, भाव उतरला आणि काकांनी बागायतच्या ऑब्जेक्टमधला ‘दर’ बदलून ७०० केला. तुमची पेटी जर स्टॅटिक नसलेली असेल आणि रक्कम काढताना बागेचा ‘दर’ वाचत असेल, तर मार्चमध्ये विकलेली, पैसे जमा झालेली ती पेटी आता ३५०० रुपयांची दिसू लागेल. प्रोग्रॅममध्ये कोठेही चूक दाखवली जाणार नाही, फक्त हिशेब खोटा होईल. आतला क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टची फील्ड वाचतो तेव्हा तो त्या क्षणाची किंमत वाचतो. पेटी भरली त्या दिवशीची नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत ‘स्टॅटिक’ लावणे योग्यच आहे, पण चूक घालवण्यासाठी नव्हे. पेटी विकली गेली की तिचा दर ही तिची स्वतःची गोष्ट होते, म्हणून तो पेटीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या भागात) द्यावा आणि पेटीनेच जपून ठेवावा : ‘न्यू पेटी(५, १२००)’. बागेचे नाव पेटीवर छापायचे असेल तर तेही त्याच वेळी द्यावे.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करतो, कारण तो बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत सापडतो. ‘स्टॅटिक’ फील्ड क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टमध्ये मिळून एकच असते, म्हणून ‘स्टॅटिक’ क्लासचाही एकच ऑब्जेक्ट बनत असेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. स्टॅटिक पेट्या हव्या तितक्या भरता येतात. येथे ‘स्टॅटिक’ या शब्दाचा अर्थ एवढाच की पेटी जन्माला येण्यासाठी बाग हजर असावी लागत नाही. जावाने एकच शब्द दोन ठिकाणी वापरला आणि घोळ करून ठेवला, हे मान्य करायला हरकत नाही.

प्रश्न : मी कुडाळजवळ पदवीच्या वर्गांना शिकवते. ‘नेस्टेड’ आणि ‘इनर’ हे शब्द काही पुस्तकांत एकाच अर्थाने येतात, काहींत वेगवेगळ्या. मी मुलांना समजावताना आपल्याकडच्या घराचे उदाहरण देते : बाहेरचा क्लास म्हणजे घर आणि आतला क्लास म्हणजे माजघर, जेथे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. हे उदाहरण बरोबर आहे का?

उत्तर : जावाच्या परिभाषेत क्लासच्या आत लिहिलेला कोणताही क्लास ‘नेस्टेड’ असतो आणि त्यांपैकी जे स्टॅटिक नाहीत तेच ‘इनर’. म्हणजे प्रत्येक इनर क्लास नेस्टेड असतो, पण प्रत्येक नेस्टेड क्लास इनर नसतो. ‘स्टॅटिक इनर क्लास’ हा शब्दप्रयोग मुलाखतींत आणि प्रश्नपत्रिकांत सर्रास दिसत असला, तरी या व्याख्येनुसार तो वदतोव्याघात आहे. इनर क्लासचे पुढे प्रकार पडतात : क्लासचा सभासद म्हणून लिहिलेला, मेथडच्या आत लिहिलेला लोकल, आणि नाव न देता जागच्या जागी लिहिलेला अनामिक. क्लासच्या आत लिहिलेले एनम (ठरावीक नावांची यादी), इंटरफेस आणि रेकॉर्ड हे मात्र न सांगताही स्टॅटिकच धरले जातात.

माजघराचे उदाहरण अर्धे बरोबर आहे. आत-बाहेरचा पडदा त्यातून छान कळतो. घरातल्यांना माजघरातले दिसते आणि माजघरातून घरातले दिसते. त्याचप्रमाणे बाहेरचा आणि आतला क्लास एकमेकांची प्रायव्हेट फील्ड वाचू शकतात, मग आतला क्लास स्टॅटिक असो वा नसो. परंतु घराला माजघर एकच असते. मुले तेवढेच लक्षात ठेवतात आणि बाहेरच्या एका ऑब्जेक्टबरोबर आतला एक ऑब्जेक्ट आपोआप तयार होतो, अशी समजूत करून घेतात. खरे तर बाहेरचा ऑब्जेक्ट तयार केल्याने आतला एकही तयार होत नाही, आणि तयार करू लागलो तर पन्नासही करता येतात.

मी तुमच्या जागी असतो तर किनाऱ्यावरची मासेमारी नौका आणि तिची फेरी हे उदाहरण घेतले असते. नौका एक, फेऱ्या अनेक. प्रत्येक फेरी ठरावीक एकाच नौकेची असते, आणि फेरी चालू असताना ज्या डिझेलच्या टाकीतून खर्च होतो ती टाकी फेरीची नव्हे, नौकेची असते. ‘फेरी’च्या ‘जाळेटाक’ या मेथडमध्ये ‘डिझेल = डिझेल - २०’ असे लिहिले तर नौकेच्या ऑब्जेक्टमधले डिझेल खरोखर कमी झाले पाहिजे, फेरीने घेतलेली प्रत नव्हे. वरच्या पत्रातल्या आंब्याच्या पेटीच्या हे नेमके उलट आहे. येथे त्या क्षणाची, चालू किंमतच हवी आहे, म्हणून ‘फेरी’ हा क्लास इनर ठेवण्यात अर्थ आहे. फेरीलाही स्वतःचे ‘डिझेल’ नावाचे फील्ड असेल, उदाहरणार्थ त्या फेरीत किती जळले ते, तर नुसत्या ‘डिझेल’चा अर्थ आतले फील्ड असा होतो आणि नौकेच्या टाकीसाठी ‘नौका.धिस.डिझेल’ असे लिहावे लागते. फळ्यावर हे दोन्ही एकाखाली एक लिहून दाखवावे. चांगल्या मुलांचीही येथे एकदा तरी गल्लत होते.

याउलट ‘मासळीप्रकार’, म्हणजे पापलेट, सुरमई, बांगडा, हा एनम नौकेच्या आत ठेवला तरी त्याला कोणत्याही एका नौकेशी देणेघेणे नाही. तो तेथे फक्त नावाच्या सोयीसाठी राहतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत सगळ्या यांत्रिक नौका किनाऱ्याला ओढलेल्या असताना फेरी एकही नसते, मासळीचे प्रकार मात्र तेवढेच राहतात, असे सांगितले की वर्गात हशाही पिकतो आणि फरकही समजतो.

मुद्दा असा की क्लासच्या आत क्लास लिहिताना आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी ठरवत असतो : नाव कोठे राहील, आणि ऑब्जेक्ट कोणाला बांधलेला असेल. जावामध्ये आत लिहिल्याने पहिली गोष्ट ठरते आणि ‘स्टॅटिक’ असण्या-नसण्याने दुसरी. काहीही न लिहिणाऱ्याच्या गळ्यात बांधिलकी पडते, आणि माझ्या मते भाषेची ही निवड चुकली. कोटलिन भाषेने ती उलट केली : तेथे आत लिहिलेला क्लास मुळात मोकळा असतो आणि बांधायचा असल्यास ‘इनर’ असे मुद्दाम लिहावे लागते. सी प्लस प्लस आणि सी शार्प या भाषांत आतल्या ऑब्जेक्टला बाहेरच्या ऑब्जेक्टचा धागा आपोआप कधीच मिळत नाही. हवा असेल तर आपण हाताने द्यायचा. पायथनमध्येही तसेच, उलट तेथे आतल्या क्लासच्या मेथडला बाहेरच्या क्लासची नावेसुद्धा थेट दिसत नाहीत.

इतिहासही मुलांना थोडक्यात सांगावा. ऑस्लो येथे डाल आणि न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लासच्या आत क्लास लिहिता येत होता, म्हणजे ही कल्पना ऑब्जेक्टच्या विचाराइतकीच जुनी आहे. जावाची १९९६ची पहिली आवृत्ती मात्र त्याशिवाय निघाली आणि १९९७च्या १.१ या आवृत्तीत इनर क्लास आले. खिडकी, बटण यांवरच्या प्रत्येक क्लिकसाठी एक छोटा क्लास लिहावा लागे, आणि त्याला खिडकीची फील्ड हवी असत. धागा आपोआप मिळण्याची सोय त्या कामाला अगदी चपखल बसली.

प्रश्न : दापोली तालुक्यातील बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. त्याचे दर दाखवणारे एक अँड्रॉइड ॲप मी मित्रांसाठी लिहिले आहे. दर बदलला की स्क्रीनला कळावे म्हणून मी स्क्रीनच्या क्लासमध्ये अनामिक क्लास लिहून तो ‘दरसेवा’ या ॲपभर चालू असणाऱ्या ऑब्जेक्टकडे नोंदवला आहे. फोन आडवा-उभा केला की ॲपची मेमरी वाढत जाते आणि काही वेळाने ते बंद पडते. यात इनर क्लासचा दोष आहे का?

उत्तर : दोष नोंद न काढण्याचा आहे, इनर क्लासने तो दिसेनासा केला. अँड्रॉइडमध्ये फोन फिरवला की, तुम्ही वेगळे काही सांगितले नसेल तर, जुनी ॲक्टिव्हिटी (म्हणजे स्क्रीनचा ऑब्जेक्ट) मोडून नवी तयार होते. तुमच्या अनामिक क्लासचा ऑब्जेक्ट मात्र दरसेवेच्या यादीत तसाच राहतो, आणि त्याच्या पोटात जुन्या ॲक्टिव्हिटीकडे जाणारा एक लपलेला रेफरन्स (दुवा) असतो, जो कंपायलरने घातलेला आहे आणि तुमच्या लिहिलेल्या ओळींत कोठेही दिसत नाही. दरसेवा जिवंत आहे म्हणून तो ऑब्जेक्ट जिवंत, तो जिवंत म्हणून जुनी ॲक्टिव्हिटी जिवंत, आणि तिच्याबरोबर तिच्यावरची सगळी बटणे, याद्या आणि चित्रेही. फोन दहा वेळा फिरवला की दहा मेलेल्या स्क्रीन मेमरीत मुक्कामाला राहतात. कचरा गोळा करणारी यंत्रणा त्यांना हात लावू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने त्या अजून वापरात आहेत.

पहिला उपाय साधा आहे : ज्या मेथडमध्ये नोंद केली तिच्या जोडीच्या मेथडमध्ये ती काढावी, ‘ऑनस्टार्ट’मध्ये केली असेल तर ‘ऑनस्टॉप’मध्ये. त्यासाठी अनामिक ऑब्जेक्ट एखाद्या फील्डमध्ये धरून ठेवावा लागेल, नाहीतर काढताना कोणता काढायचा हे सांगता येणार नाही. दुसरा उपाय म्हणजे दर बदलल्याचे ऐकणाऱ्या ऑब्जेक्टचा क्लास नाव देऊन स्टॅटिक करणे आणि त्याला ॲक्टिव्हिटीचा कमकुवत रेफरन्स देणे, म्हणजे कचरा गोळा करण्याच्या आड न येणारा ‘वीकरेफरन्स’. तुमच्या ॲपला पहिला पुरेल. अनामिक क्लासऐवजी लॅम्डा (नाव नसलेले छोटे फंक्शन) लिहिला तर थोडा फरक पडतो : लॅम्डा ‘धिस’ला तेव्हाच धरून ठेवतो जेव्हा त्याच्या आत बाहेरचे एखादे फील्ड किंवा मेथड वापरलेली असते. पण तुम्हाला दर स्क्रीनवर दाखवायचाच आहे, म्हणजे ते वापरणे आलेच, आणि गळती तशीच राहील. २०२२च्या जावा १८पासून त्याचा कंपायलरही न वापरलेला लपलेला रेफरन्स बहुधा ठेवत नाही. तुमच्या बाबतीत त्याचाही उपयोग नाही, कारण तो वापरलेला आहे.

या लपलेल्या धाग्याने मलाही एकदा चांगलेच फसवले आहे. गुहागरच्या बाजूला नातेवाइकांच्या घरी पर्यटकांना उतरवण्याची सोय आहे. त्यांच्यासाठी ‘नोंदवही’ क्लासच्या आत ‘आरक्षण’ असा इनर क्लास मी लिहिला होता आणि प्रत्येक आरक्षण सीरियलाइझ करून, म्हणजे साठवता येईल अशा बाइटांच्या रूपात उतरवून, वेगळ्या फाइलमध्ये ठेवत होतो. पहिल्याच वेळी ‘नोंदवही’ सीरियलाइझ होत नाही अशी तक्रार आली. मी तर नोंदवही लिहायला सांगितलीच नव्हती. घाईत मी नोंदवहीलाही ‘सीरियलायझेबल’ हा शब्द जोडला, तक्रार थांबली आणि मी निश्चिंत झालो. आठवड्याभराने फायली उघडून पाहिल्या तेव्हा कळले की एका पाहुण्याच्या आरक्षणाच्या फाइलमध्ये तोपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांची पूर्ण वही लिहिली गेली आहे. ‘आरक्षण’ला ‘स्टॅटिक’ हा एक शब्द लावल्यावर फाइल काही ओळींची झाली.

प्रश्न : मी चिपळूणहून घरूनच एका कंपनीचे काम करते. आमच्या गटप्रमुखांचा नियम आहे की क्लासच्या आत क्लास लिहायचाच नाही, प्रत्येक क्लासला वेगळी फाइल. मला हा नियम अतिरेकी वाटतो. आपले मत काय?

उत्तर : अतिरेकीच आहे, पण तो कशाला भिऊन केला असेल हे समजू शकते. मत सांगण्यापेक्षा जावाच्या स्वतःच्या लायब्ररीकडे बोट दाखवतो, कारण तिचा कोड कोणालाही वाचता येतो.

‘लिंक्डलिस्ट’मध्ये साखळीच्या प्रत्येक कडीसाठी ‘नोड’ नावाचा क्लास आहे. तो प्रायव्हेट आणि स्टॅटिक आहे. कडीला स्वतःचा घटक, पुढची कडी आणि मागची कडी एवढेच माहीत असावे लागते. आपण कोणत्या यादीत आहोत हे तिला कधी विचारावे लागत नाही. ‘ॲरेलिस्ट’मध्ये यादीवरून फिरणारा ‘आयटीआर’ नावाचा क्लास आहे. तोही प्रायव्हेट आहे, पण स्टॅटिक नाही. त्याला यादीचा मूळ ॲरे लागतो, आणि आपण फिरत असताना यादीत कोणी भर घातली किंवा काढली का, हे पाहण्यासाठी यादीचा बदल-मोजणीचा आकडा प्रत्येक पावलाला तपासावा लागतो. आकडा जुळला नाही की ‘कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’ येते. फिरणारा यादीला बांधलेला आहे, कडी बांधलेली नाही. फिरणारा वेगळ्या फाइलमध्ये काढला तर यादीची प्रायव्हेट फील्ड त्याच्यासाठी उघडी करावी लागतील, आणि मग ती पॅकेजमधल्या (क्लासच्या त्या गटातल्या) सगळ्यांनाच उघडी होतील. वेगळ्या फायलींच्या नियमाची खरी किंमत ही आहे.

कडीला ‘स्टॅटिक’ लावले नसते तर काय झाले असते, तेही मोजता येते. ६४ बिटांच्या नेहमीच्या हॉटस्पॉटवर (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर), रेफरन्स ४ बाइटमध्ये बसवलेले असताना, ऑब्जेक्टचे शीर्ष, म्हणजे यंत्रणेच्या स्वतःच्या नोंदींचा भाग, १२ बाइटचे धरा. त्यात कडीचे तीन रेफरन्स मिळवले की १२, म्हणजे एकूण २४. ऑब्जेक्टचा आकार ८च्या पटीत ठेवला जातो आणि २४ ही संख्या तशीच बसते. लपलेला चौथा रेफरन्स आला की २८, आणि ८च्या पटीत नेले की ३२. दहा लाख कड्यांच्या यादीत हे ८० लाख बाइट होतात, तेही ज्याचा कोणी कधी उपयोग करणार नाही अशा धाग्यासाठी. वर सांगितलेल्या जावा १८च्या सुधारणेने ही उधळपट्टी आता बरीचशी टळते. तरी तुमच्या कंपनीत अजून जावा ८ किंवा ११ चालत असेल, तर ती टळत नाही.

गटप्रमुखांकडे नियम असा बदलून मागावा : आतला क्लास चालेल, पण तो बाहेरच्या क्लासच्या कामापुरता आणि शक्यतो प्रायव्हेट असावा, ‘स्टॅटिक’ नेहमी लावलेले असावे, आणि काढायचे असेल तर काढणाऱ्याने कारण सांगावे. आतला क्लास दोन-तीनशे ओळींचा झाला, किंवा तिसऱ्याच फाइलमधून त्याला हाक येऊ लागली, की त्याने वेगळे बिऱ्हाड करावे. क्लासच्या आत क्लास आणि त्याच्याही आत क्लास अशी तिहेरी तटबंदी विजयदुर्गाला शोभते.

प्रश्न : मेथडमधल्या ‘प्रवासी’ या साध्या मोजणीच्या व्हेरिएबलमध्ये अनामिक क्लासच्या आतून एक मिळवता येत नाही, ते ‘फायनल’ (पुन्हा न बदलणारे) किंवा तसेच असावे लागते असे कंपायलर म्हणतो. फील्ड असेल तर मात्र चालते. असे का? – अलिबाग

उत्तर : कारण फील्ड ऑब्जेक्टबरोबर जगते आणि मेथडमधले व्हेरिएबल मेथड संपताच नाहीसे होते. आतला ऑब्जेक्ट मेथडपेक्षा जास्त काळ जगू शकतो, म्हणून जावा त्याला त्या व्हेरिएबलची प्रत काढून देते. प्रत आतून वाढवू दिली असती तर मूळ आकडा तसाच राहिला असता आणि दोन्हींचा मेळ कधीच लागला नसता. म्हणून भाषा बदलण्यालाच मनाई करते. पूर्वी ‘फायनल’ हा शब्द लिहावाच लागे. २०१४च्या जावा ८पासून व्हेरिएबल एकदाच भरलेले असले की पुरते. मोजणी खरोखर हवी असेल तर ती फील्डमध्ये न्यावी. एकाच जागेचा ॲरे करून त्यात आकडा ठेवण्याची युक्ती चालते, पण ती वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकते.

प्रश्न : क्लासची नावे मराठीत ठेवता येतात असे ऐकून मी ‘मासळी’ या क्लासच्या आत ‘खाऱ्या’ नावाचा स्टॅटिक क्लास लिहिला. माझ्या यंत्रावर तो चालला. मित्राने त्याच्या यंत्रावर त्याच प्रोग्रॅममध्ये ‘न्यू मासळी.खाऱ्या()’ ही एक ओळ वाढवली तर ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ असे येते. अक्षरन् अक्षर तेच आहे. – मालवण

उत्तर : डोळ्यांना तेच आहे, कंपायलरला नाही. जावाला युनिकोडमधली अक्षरे नावांत चालतात, मात्रा आणि हलन्तही चालतात, पण दोन नावे एकच ठरण्यासाठी (न दिसणारी काही चिन्हे सोडून) त्यांतला प्रत्येक कोड तंतोतंत जुळावा लागतो. आपला ‘ऱ्या’ निदान दोन रीतींनी टंकला जातो : एका कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि ‘य’. ‘र’ला खाली नुक्ता देण्याची तिसरी रीतही आहे. कागदावर तिन्ही सारखेच उमटतात. तुमचा आणि मित्राचा कळफलक वेगळा असणार.

नाव आतल्या क्लासचे आहे हे त्यातल्या त्यात बरे झाले. सार्वजनिक बाहेरच्या क्लासचे नाव फाइलच्या नावाशी जुळावे लागते, म्हणजे हाच घोटाळा फाइलच्या नावातही शिरला असता. तुमच्या क्लासची कंपाइल झालेली फाइल ‘मासळी’, मग डॉलरचे चिन्ह, मग ‘खाऱ्या’ अशा नावाने तयार झालेली दिसेल. प्रोग्रॅममधले तुम्ही टंकलेले नाव आणि मित्राने वाढवलेल्या ओळीतले नाव यांचे युनिकोड कोड एकाखाली एक लावून पाहावेत. फरक लगेच दिसेल. दोघांनी एकच कळफलक ठरवावा, किंवा नाव ‘खारवलेली’ असे ठेवावे, म्हणजे ‘ऱ्या’ची भानगडच राहणार नाही. जावा १८च्या आधीची आवृत्ती असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८’ स्पष्ट सांगावे, नाहीतर काही यंत्रांवर तुमची सगळी मासळी प्रश्नचिन्हांत जाईल.